‘हॅश’ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिनी: एका अमेरिकन कादंबरीचं भाषांतर करते आहे. त्यात आई रविवारच्या रोस्टमधलं उरलेलं बीफ सोमवारी सकाळी बटाट्याबरोबर परतून ‘हॅश’ करते. मी ‘खिमा’ लिहिलं, संपादकांनी ते खोडलं. ‘हॅश’ तसंच ठेवलं तर वाचकाला फोनवरचं चिन्ह आठवणार. काय करावं?

धातुपाठ: खिमाच ठेवा. हॅश आला फ्रेंच ‘आशे’वरून, म्हणजे बारीक तोडणं, ‘आश’ म्हणजे कुऱ्हाड. खिम्याचं मूळ तुर्की, आणि तो धातूही बारीक चिरण्याचाच. दोन्ही शब्दांचं कूळ एकच, सुरीचं.

मुदपाक: कूळ जुळलं म्हणून पदार्थ जुळत नाही. खिमा कच्च्या मांसाचा. हॅशला मांस आधीच शिजलेलं लागतं, बटाटाही उकडलेला. दोन्ही बारीक चिरून, कांदा घालून, लोखंडी तव्यात चरबीवर पसरायचं, उलथन्याने दाबायचं आणि हात आवरायचा. सारखं ढवळत बसलात तर लगदा होतो. खालून तांबूस, कुरकुरीत खरवड धरली की मगच उलटायचं. ती खरवड म्हणजेच हॅश! भाषांतरात ती आलीच पाहिजे.

स्वभाषा: मग ‘चूर्णमांस’ म्हणा. मराठीत घडवता येत असताना उसनवारी कशाला?

मुदपाक: चूर्ण वैद्याकडे मिळतं हो. सोमवारी सकाळी कुठली आई चूर्णमांस करेल?

स्वभाषा: नवा शब्द पहिल्यांदा विचित्रच वाटतो. वापरला की रुळतो.

गलबत: जर्मन खलाशांचं लाब्सकाउस या यादीत बसतं का? हॅम्बुर्गला अजून मिळतं. खारवलेलं बीफ, बटाटा आणि बीट एकत्र कुस्करून गुलाबी लगदा, वर तळलेलं अंडं, शेजारी हेरिंग मासा. खरवड अजिबात नाही.

मुदपाक: म्हणूनच तो हॅश नव्हे.

गलबत: असं कसं? त्याचाच इंग्रज भाऊबंद ‘लॉबस्काउस’. त्यातून लिव्हरपूलचा ‘स्काउस’ आला. तो तर चक्क रस्सेदार, आणि त्यावरून तिथल्या माणसांना स्काउसर म्हणतात. पदार्थ बंदरागणिक बदलतो, तुम्ही एका तव्यावर अडून बसलात.

उत्तरवारा: स्वीडिश लोकांनी सरळ वर्णनच केलंय. पिट्टीपन्ना, म्हणजे तव्यातले बारीक तुकडे. डॅनिश बिक्समाड, म्हणजे मिसळलेलं अन्न. दोन्हीत चौकोनी तुकडे सुटे राहतात. आपणही असंच का करू नये? ‘तव्यावरचं उरलंसुरलं’?

धातुपाठ: ‘उरलंसुरलं’मध्ये हेटाळणी आहे. ती आई मन लावून रांधते आहे.

अनुवादिनी: अगदी हेच मला छळतंय. आणि पुढच्या प्रकरणात ‘कॉर्न्ड बीफ हॅश’ आहे.

धातुपाठ: सांभाळा, ‘मका घातलेलं गोमांस’ मी छापलेलं वाचलंय! कॉर्न म्हणजे इथे मिठाचे जाड खडे. खारवलेलं बीफ.

स्वभाषा: बघा, ‘खारवलेलं’ किती सहज आलं. मग हॅशवरच का अडावं?

मुदपाक: कारण खारवणं आपण करतो. शिजलेलं मांस पुन्हा चिरून, दाबून, खरवड येईपर्यंत परतायला आपल्याकडे एक क्रियापद दाखवा.

गलबत: ‘खरपवणं’?

स्वभाषा: ते कोणत्या कोशात आहे?

गलबत: तुमचं चूर्णमांस कोणत्या कोशात आहे?