प्रवासात जवळ बाळगायला दुर्बीण : तुमचे अनुभव सांगा

येरळाकाठ
दिवाळीची आवराआवर करताना ट्रंकेत नानांची दुर्बीण सापडली. खाकी कॅनव्हासची पिशवी, गंजलेली कडी, पट्टा दोन ठिकाणी चांभाराकडून शिवून घेतलेला. हातात घेतली आणि वडूज स्टँडवरची थंडी आठवली. पहाटेच्या गाडीने नाना मला येरळवाडी तलावावर न्यायचे. मी सात-आठ वर्षांची. पलीकडच्या काठाला राखाडी धोंडे पडलेत असं वाटायचं. नाना मागे उभं राहून दुर्बीण धरायचे, मी डोळे लावायचे आणि त्या धोंड्यांना माना फुटायच्या. पांढरं डोकं, त्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. पट्टकादंब! "हिमालय ओलांडून आलाय हा," नाना म्हणायचे. काचेवर वाफ धरू नये म्हणून मी श्वाससुद्धा जपून घ्यायचे.

आता आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरलीय, आणि एकाचे दोन दिसतात. दुरुस्तीवाले म्हणाले आतला प्रिझम, म्हणजे उजेड वळवणारी काच, सरकलाय, खर्च नव्या दुर्बिणीइतका येईल.

मला नवी घ्यायचीय. एसटीने फिरते, पाठीवर एकच सॅक. चष्मा आहे. सहा-सात हजारांपर्यंत. दोन वर्षांपूर्वी १०×२५ ची (दहा पट मोठं दाखवणारी, समोरचं भिंग २५ मिलिमीटरचं) खिशातली घेतली होती, ती दुपारी बरी, पण पक्षी परतायच्या वेळी तिच्यात नुसता अंधार. तुम्ही काय वापरता? अनुभव लिहा, सगळ्यांच्याच उपयोगी पडेल.

कंदीपेढा
८×४२. दुसरा विचारच नको. १० पटीच्या दुर्बिणीत हात हलला की पक्षी पण हलतो, आणि चढ चढून धाप लागलेली असताना तर काहीच दिसत नाही. सज्जनगडावर अनुभव घेतलाय.

औंधची लेक
नानांचं वाचून डोळे भरून आले गं. आमचे अप्पा पण असेच, पण त्यांच्याकडे दुर्बीण नव्हती, मुठीची नळी करून दाखवायचे. वडूजची ती पहाटेची गाडी अजून आहे का?

हळदीचं शेत
@कंदीपेढा, ४२ ची दुर्बीण ६०० ते ७०० ग्रॅम भरते हो. माझी मान दुखते, दोन तासांत ती सॅकमध्ये जायची, आणि नेमका तेव्हा समोरून हळद्या उडायचा. आता ८×३२ घेतलीय, गळ्यातून उतरत नाही. सागरेश्वर, दंडोबा, सगळीकडे तीच. मोठीच घ्यायची असेल तर खांद्यांवरून जाणारा पट्टा घ्या, मानेवर ओझं येत नाही.

येरळाकाठ, तुमच्या अंधाराचं कारण साधं आहे. समोरच्या भिंगाच्या आकड्याला पटीने भागायचं. २५ भागिले १० म्हणजे २.५ मिलिमीटर, एवढ्याच उजेडाचा ठिपका डोळ्यात जातो. भर उन्हात डोळ्याची बाहुली लहान असते म्हणून चालतं. संध्याकाळी बाहुली मोठी होते, तिला तेवढा उजेड पुरत नाही. ८×३२ ला ४, आणि ८×४२ ला सव्वापाच.

कंदीपेढा
मान दुखत असेल तर ३२ च बरी, पटलं.

आयर्विनचा पूल
२०१९ च्या पुरात माझी गेली. कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती, चार दिवस पाण्यात. वाळवून पाहिली, पण दोन महिन्यांत भिंगाच्या आत पांढरी नक्षी. नवी घेताना एवढंच बघितलं की वॉटरप्रूफ आणि नायट्रोजन भरलेली हवी, आत बाष्प धरत नाही. थोडे पैसे जास्त गेले. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवते. आणि वरच्या कप्प्यात.

औंधची लेक
बाई गं. आमची आत्या पण सांगलीची, तिच्या घरातलं लग्नाच्या फोटोंचं सगळं गेलं.

घाटमाथा
चष्मेवाल्यांसाठी: आयकप, म्हणजे डोळ्याला टेकणाऱ्या वाट्या, पूर्ण खाली फिरवायचे, चष्म्याची काच त्यांना टेकली पाहिजे. वर असतील तर मधेच गोल खिडकीतून बघितल्यासारखं दिसतं. आय रिलीफ, म्हणजे भिंगापासून डोळा जेवढा लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, १५ मिलिमीटरच्या पुढे हवा. उजव्या डोळ्याजवळची कडी बरेच जण कधी फिरवतच नाहीत. आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने दूरची पाटी साफ करून घ्या, मग डावा मिटून तीच पाटी त्या कडीने साफ करा. एकदा जमलं की कडीला हात लावायचा नाही. मी तीन वर्षं डोकं दुखतंय म्हणून दुर्बिणीला दोष देत होतो.

आणि तुमच्या पैशात पोरो प्रिझमची बघा, खांद्यात वाकलेली जुन्या धाटणीची. सरळ नळ्यांची सॅकमध्ये नीट बसते, पण त्याच किमतीत पोरोत चित्र जास्त उजळ मिळतं.

माणदेशी
लाल चकाकणाऱ्या काचांची घिऊ नका. जत्रंत आन् ऑनलाइन ९०×९० म्हणून इकत्यात. पोरानं हट्टानं घेतली, रोहित पक्षी हिरवट दिसायला लागलं. पोरगं रडलं.

औंधची लेक
रोहित आले का यंदा? मायणीच्या तलावाला पाणी कितपत आहे?

माणदेशी
गेल्या आठवड्यात न्हवतं आलं. चक्रवाक हाईत. पाणी लई चढलं की रोहित थांबत न्हाईत, त्यास्नी उथळ चिखल लागतो. सूर्याचीवाडीला पण बगून घ्या.

घाटमाथा
दुकानात एक करा. दुर्बीण हात लांब करून उजेडाकडे धरा आणि डोळ्याकडच्या भिंगातला उजेडाचा ठिपका बघा. पूर्ण गोल हवा. कडा कापून चौकोनी केल्यासारखा दिसला तर प्रिझम हलक्या प्रतीचा. सूर्याकडे मात्र चुकूनही धरू नका.

येरळाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. कुकर लावून एका दमात वाचलं. ८×३२ आणि ८×४२, दोन्ही गळ्यात घालून बघणार, आणि दुकानात संध्याकाळीच जाणार, दिवेलागणीला, म्हणजे रस्त्यापलीकडचं झाड किती दिसतं ते कळेल. नानांची विकणार नाही. तिचा पट्टा अजून भक्कम आहे, तो नवीला बसतो का बघते.

@औंधची लेक, गाडी आहे, पण वेळ बदललीय. डिसेंबरात येतेस का? हुरडा सुरू झाला असेल.

औंधची लेक
येते! दुर्बीण नाही माझ्याकडे, आळीपाळीने बघू.