अनघा अतुलसारखं हॉटेल बेळगावात जमंल का?

'रंग माझा वेगळा' मालिकेतली श्वेता, म्हणजे अनघा अतुल, तिनं भावासोबत पुण्यात 'वदनी कवळ' हे शाकाहारी हॉटेल काढलंय ना, ते बघून माझी बहीण टिळकवाडीत गाळा शोधायलीय. मांडे करण्यात तिचा हात कुणी धरणार नाही पण भांडवल कमी, काय सांगू तिला?

> ताई, आधी घरातनंच ऑर्डरी घ्या. मी खानापुरात गाळा घेऊन बसलो, आचारी सणाला गावी गेला की शटर खाली आणि भाडं चालूच, फार वाईट दिवस काढले.

> मांडेच ठेवा! उलट्या मडक्यावर भाजताना लोक थांबून बघतात. कुंदा, ती दुधाची मिठाई, तर गल्लोगल्ली मिळतोय.

> फूड लायसन काढा, आणि पाटीवर 60 टक्के कन्नड लागतंय, 2024 पासून कायदाच आहे, रंगवायच्या आधीच बघा.