फेथ रिंगगोल्ड यांच्या गोधड्या: खेळकर चित्रांनी दुःखाची धार जाते का?

रानचिमणी (धागाकर्ती):
न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीतल्या गच्चीवर मोठी माणसं पत्ते कुटतायत, गादीवर आठ वर्षांची कॅसी भावाशेजारी पडलीय, आणि तीच कॅसी वर जॉर्ज वॉशिंग्टन पुलाजवळ उडतेय. भोवतीनं फुलाफुलांच्या कापडाचे चौकोन. ही ‘टार बीच’ (१९८८), काळ्या अमेरिकन चित्रकार फेथ रिंगगोल्ड (१९३०-२०२४) यांची चित्रगोधडी, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयातली. त्यांची खापरपणजी गुलामगिरीत जन्मलेली, मालकांसाठी गोधड्या शिवायची. पुढे फेथनी पहिली गोधडी केली ती आईसोबत, १९८० मध्ये. ज्या सुईनं घरातल्या बाईनं मालकाची पांघरुणं शिवली, तीच सुई आता स्वतःची गोष्ट सांगतेय. मला हे फार मोठं वाटतं.

कडू कारलं:
मला नाही पटत. याच बाईंनी १९६७ मध्ये ‘डाय’ (म्हणजे ‘मरा’) हे चित्र रंगवलं. बारा फूट लांब, गोरे-काळे सगळे रक्तबंबाळ, मधोमध दोन पोरं एकमेकांना बिलगलेली. तिथे पाय खिळतात. गोधडीपुढे लोक ‘किती गोड’ म्हणतात आणि पुढे सरकतात. तो संताप गेला कुठे?

सांधेजोड:
मजकुरात आहे! गोधडीच्या पट्ट्यांवर गोष्टच लिहिलीय. कॅसीचा बाप उंच इमारतींचं लोखंडकाम करतो, पण त्याला कामगार संघटनेत घेत नाहीत, कारण त्याचा बाप सभासद नव्हता. मुळात काळ्या माणसांना कधी घेतलंच नाही, तर बापाचं सभासदत्व येणार कुठून? कॅसी ठरवते, संघटनेच्या इमारतीवरून उडायचं आणि ती बाबांना देऊन टाकायची. आणि उडणं तरी कुठलं? गुलाम केलेली आफ्रिकन माणसं शेतातून उडून मायदेशी गेली, ही दंतकथा अमेरिकेतल्या काळ्या घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलीय. ज्याला नुसती गंमत दिसते, त्यानं निम्मंच चित्र पाहिलंय.

कडू कारलं:
पण बारीक अक्षरं वाचायला थांबतं कोण? १९९१ मध्ये ‘टार बीच’चं मुलांसाठी पुस्तक झालं, तेव्हापासून तर ती उडणारी मुलगीच सगळ्यांच्या लक्षात राहिली.

रानचिमणी:
पुस्तकातही संघटनेचा भाग तसाच ठेवलाय. सहा वर्षांचं पोर तो ऐकून ‘बाबांना का नाही घेतलं?’ असं विचारणारच, आणि मग आईबापांना उत्तर द्यावं लागतं. ‘डाय’समोर त्या पोराला कुणी नेत नाही.

कडू कारलं:
हा मुद्दा मान्य. तरी फेथना ओळखायचं तर ‘डाय’पासून सुरुवात करा, एवढं मी म्हणणारच. नुसती कॅसी पाहिलेल्याला त्या बाईंचा राग कळत नाही.