अनुभव धागा: कंबरेच्या मणक्याचं ऑपरेशन. आधी आणि नंतर काय झालं?

शाहूपुरीकर (सातारा)

आईसाठी विचारतेय. वय ६१. दिवाळीपासून तिचं शाहूपुरी ते पोवई नाका चालत जाणं बंद झालंय. दीडशे-दोनशे पावलं झाली की दोन्ही पोटऱ्या शिशासारख्या जड होतात. मग कुठल्यातरी दुकानाच्या पायरीवर टेकते, दोन मिनिटं वाकून बसते आणि पुन्हा चालायला लागते. मॉलमध्ये मात्र सामानाच्या गाडीवर ओणवी होऊन तासभर हिंडते. ‘खरेदीला बरे पाय चालतात’ म्हणून आम्ही तिची थट्टा केली. एमआरआय बघितल्यापासून त्याची लाज वाटतेय.

रिपोर्ट असा: एल-४ चा मणका (कंबरेतल्या पाचांपैकी वरून चौथा) एल-५ वर, म्हणजे पाचव्यावर, थोडा पुढे सरकलाय आणि नसांची वाट अरुंद झालीय. एक डॉक्टर म्हणतात, हाड कोरून नसा मोकळ्या करू, बस. दुसरे म्हणतात, स्क्रू-रॉड घालून दोन्ही मणके जोडावे लागतील. शेजारच्या काकू तिसरंच सांगतात, मणक्याला हात लावला की माणूस गादीला खिळतो. आईचा विश्वास सध्या काकूंवर आहे.

ज्यांनी ऑपरेशन केलं, टाळलं, ज्यांचं बिघडलं, सगळ्यांनी लिहा. वय, कोणता मणका, काय केलं, किती दिवस झाले, आणि आज काय करता येत नाही. ज्यांचं चांगलं झालं ते सहसा लिहायला येत नाहीत, त्यांनी तर नक्की या. डॉक्टर-दवाखान्यांची नावं नकोत, उगाच धागा पेटतो.

द्राक्षबाग (तासगाव)

वय ४४. एल-५ एस-१ (कंबरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचं हाड, यांच्या मधली गादीसारखी चकती), डावा पाय. २०१९ ची ऑक्टोबर छाटणी चालू असताना कुल्ल्यापासून करंगळीपर्यंत कळ सुरू झाली. शिंकलं तरी पायात करंट. पट्टा, गोळ्या, लोंबकळायचं ट्रॅक्शन, सगळं झालं. मणक्यात इंजेक्शन घेतलं, दहा दिवस सुखाचे गेले. शेवटी दुर्बिणीतनं चकतीचा बाहेर आलेला तुकडा काढला. शुद्धीवर आलो आणि पाय एकदम गप्प. बायकोला म्हटलं, पाय जागेवर हाय का बघ गं. दुसऱ्या दिवशी स्वतः चालत संडासला गेलो.

चुकलो ते इथंच. पाय गप्प झाला म्हणजे मणका बरा झाला असं धरलं. मोकळी झाली होती ती नस. चकतीला जिथनं भोक पडलं होतं ती जागा कच्चीच होती. सातव्या आठवड्यात फवारणीच्या ब्लोअरच्या टाकीत औषधाचा कॅन ओतायला उचलला आणि कट् झालं. तोच पाय, तीच जागा. शंभरातल्या पाच-दहा जणांचा तुकडा पुन्हा बाहेर येतो हे मला आधी सांगितलं होतं, खाली सहीपण माझीच हाय. पण माणूस स्वतःला नेहमी उरलेल्या नव्वदात धरतो.

दुसरं ऑपरेशन पहिल्यासारखं नसतं. जुना व्रण नसेला चिकटलेला असतो. सोडवताना नसांवरचं आवरण फाटलं आणि आतलं पाणी गळलं. तिथंच टाके घातले, पण पुढचे चार दिवस उताणा. उठून बसलं की डोकं फुटायचं, आडवं झालं की थांबायचं. उतरलं ते. करंगळी अजून बधिर हाय, चप्पल निसटली तरी कळत नाही. बाग पोरगं बघतं, मी बेदाण्याच्या शेडवर हिशेबाला.

ताई, आईंचं चकतीचं नाही, हाडाचं हाय. पण हे एक ध्यानात ठेवा: बरं वाटणं आणि भरून येणं याच्यात दोन-तीन महिन्यांचं अंतर असतं.

रोज_अजिंक्यतारा (सातारा)

मी ऑपरेशन टाळलं, म्हणून बोलायचा अधिकार अर्धाच. वय ३८, एल-४ एल-५. एमआरआयमधला तुकडा एवढा मोठा की सेंटरवरचा मुलगा सुद्धा ‘अरेच्चा’ म्हणाला. सर्जनकडे गेलो तर तेच म्हणाले, सहा आठवडे थांबा. अंगठा वर उचलता येतोय, ताकद शाबूत आहे, लघवी-संडास नीट आहे, तर घाई कशाला? निखळून पडलेला मोठा तुकडा शरीर बऱ्याचदा स्वतःच विरघळवून टाकतं, लहान फुगवट्यापेक्षा लवकर. मला हे ऐकून थाप वाटली होती. आठ महिन्यांनी दुसरा एमआरआय काढला, तुकडा जवळजवळ गायब.

मधले चार महिने मात्र भयंकर होते. जमिनीवर झोपून जेवलोय. परळी खोऱ्यातल्या एका तेलवाल्याकडेही जाऊन आलो, त्याने पाठीवर पाय दिला, माझं नशीब थोर म्हणून वाचलो. कुणी तसं करू नका.

नेदरलँड्समधला २००७ सालचा एक मोठा अभ्यास डॉक्टरांनी दाखवला होता. सायटिकाच्या (नस दबून कंबरेतून पायात उतरणारी कळ) २८३ रुग्णांपैकी निम्म्यांचं लवकर ऑपरेशन, निम्म्यांना थांबवलं. ऑपरेशनवाल्यांचा पाय लवकर थांबला. वर्षाअखेर दोन्हीकडचे ९५ टक्के लोक बरे. पण थांबवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी वर्षाच्या आत ऑपरेशन करून घेतलंच, त्यांना सोसवलं नाही. म्हणजे मी शूर वगैरे नाही, माझी नोकरी घरून करायची होती एवढंच. ऊसतोडीला जाणाऱ्याने चार महिने कुठून आणायचे?

वाळव्याची_लेक

माझ्या नवऱ्याचं सांगते. उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, वय ३६. कंबर दोन वर्षं दुखतच होती. गेल्या हंगामात एका रात्री दोन्ही पाय दुखायला लागले आणि लघवीला होईना. सकाळी म्हणाले, बसल्याचं कळत नाही, बुडाखाली लाकूड ठेवल्यासारखं वाटतंय. आम्ही हाडवैद्याकडे नेलं. त्याने लेप दिला. दुसरा दिवस तसाच गेला. लघवी व्हायला लागली तेव्हा आम्हाला बरं वाटलं, पण ती पोट तुडुंब भरून नुसती गळत होती. तिसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टर आमच्यावर ओरडलेच. त्याच रात्री ऑपरेशन झालं.

पाय आले. चालतात, गाडीवर पण बसतात. पण लघवी अजून स्वतः नळी घालून काढावी लागते, दिवसातनं चार-पाच वेळा. संडासचं भान अर्धवट. आणि नवरा-बायकोचं जे असतं ते संपल्यात जमा, आता लिहितेच. लोक विचारतात ऑपरेशन बिघडलं का. ऑपरेशन नाही बिघडलं, आम्ही दोन दिवस घालवले. लघवी अडली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला की त्याच दिवशी जायचं असतं, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.

शाहूपुरीकर

ताई, हे लिहिल्याबद्दल खरंच आभार. आईला आज मुद्दाम विचारलं, तसं काही नाही म्हणाली.

विश्रामबाग_७२ (सांगली)

स्क्रू-रॉड, चार वर्षं झाली, वय आता ७२. मणका उत्तम. पण तिसऱ्या आठवड्यात टाक्यातून पू आला. पुन्हा उघडून धुतलं, सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक. तीन महिन्यांची साखर ९.८ होती आणि मीच लग्नसराईच्या आधी उरकून टाका म्हणून घाई केली होती. आईंना मधुमेह असेल तर आधी तो आटोक्यात आणा. घरात कुणी ऑपरेशन होणारा विडी-सिगारेट ओढत असेल तर तीही बंद, धूम्रपानाने हाड नीट जुळत नाही. बाकी लिहायला बोटं साथ देत नाहीत.

कृष्णाकाठ_मिरज

माझा अनुभव थोडा आडवाटेचा. वय २७, कंबरदुखी सहा महिने. चकती, चकती म्हणून एका ठिकाणी ऑपरेशनची तारीख मिळाली होती. माझं वजन आठ किलो उतरलं होतं, संध्याकाळी कणकण यायची, आणि दुखणं रात्री झोपेत जास्त. मिरजेत दुसरं मत घेतलं (नात्यात कुणी आजारी पडलं की मिरज, ही आमच्याकडे रीतच आहे). तिथे सुईने तुकडा काढून तपासला. मणक्याचा टीबी. ऑपरेशन लागलंच नाही, वर्षभर गोळ्या घेतल्या. टीबी म्हटल्यावर सासरी ताट वेगळं ठेवलं ते वेगळं प्रकरण, मणक्याचा टीबी तसा पसरत नाही हे समजावण्यात माझी फुफ्फुसं थकली.

हमालाचा_पोरगा (सांगली)

वडील मार्केट यार्डात हमाल, तीस वर्षं हळदीची पोती वाहिली. पूर्वी पोतं शंभर किलोचं असायचं. एल-४ एल-५ आणि एल-५ एस-१, दोन्ही. पावलाची ताकद गेली होती, पाय फरफटायचा, म्हणून थांबायला वेळ नव्हता.

डिस्चार्ज कार्डवर लिहिलंय ऑपरेशन यशस्वी. खरंच यशस्वी आहे. पाऊल उचलतं, पायऱ्या चढतात, गणपतीच्या देवळापर्यंत चालत जातात. फक्त पोतं उचलायचं नाही म्हणून सांगितलं. ते सोडून त्यांना दुसरं काही येत नव्हतं. सुरुवातीला रोज पहाटे उठून यार्डात जायचे आणि नुसते बसून यायचे. आता काट्यावर पावत्या लिहितात. टोळीतल्या लोकांनी ती जागा त्यांच्यासाठी भांडून घेतली. पैसे निम्मे. कंबर पावसाळ्यात दुखतेच. ते म्हणतात, डॉक्टरनं पायाचं ऑपरेशन केलं, कंबरेचं कुठं केलंय?

ऑपरेशनच्या आधी ‘बरा होईन का’ असं विचारलं होतं. ‘पोतं उचलेन का’ असं विचारायला हवं होतं.

फिजिओ_कराड

हमालकाका जे म्हणाले ते मी रोज पेशंटना समजावून घसा कोरडा करते. नस मोकळी करण्याचं ऑपरेशन पायासाठी असतं. पायाची कळ, जडपणा, कमजोरी यावर त्याचा गुण येतो. नुसती कंबर दुखते आणि पायात काही नाही, अशा माणसाची निराशा होण्याची शक्यता मोठी.

शाहूपुरीकर, तुमच्या आईचं वर्णन नसांच्या अरुंद वाटेचं आहे. वाकलं की ती वाट जरा मोकळी होते, म्हणून सामानाची गाडी चालते. फक्त कोरायचं की जोडायचं, यावर डॉक्टरांतच मतभेद आहेत आणि ते प्रामाणिक आहेत. २०१६ मध्ये एकाच वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन अभ्यास आले. स्वीडनच्या २४७ रुग्णांत जोडण्याचा जादा फायदा दिसला नाही, रक्तस्राव आणि दवाखान्यातले दिवस मात्र वाढले. अमेरिकेतल्या ६६ जणांत जोडलेल्यांना किंचित जास्त बरं वाटलं, आणि चार वर्षांत पुन्हा ऑपरेशन लागलेले जोडलेल्यांत १४ टक्के, नुसतं कोरलेल्यांत ३४ टक्के. मग २०२१ मध्ये नॉर्वेत सरकलेल्या मणक्याच्याच २६७ रुग्णांवर पाहिलं, तर नुसतं कोरणं कमी पडलं नाही.

तेव्हा डॉक्टरांना विचारा: वाकून आणि ताठून काढलेल्या एक्स-रेत मणका किती हलतो? फारसा हलत नसेल तर जोडायचं कशासाठी? हलत असेल तर न जोडता किती दिवस निभेल? जोडलेल्या मणक्यांच्या वरच्या चकतीवर पुढे ताण येतो, तेही विचारा. आणि काकूंना सांगा, कंबरेत एवढ्या खाली पाठीचा कणा असतो पण मज्जारज्जू नसतो, तो वरच संपतो. तिथे नसांचा झुपका असतो. त्याला इजा होऊ शकते, वर वाळव्याच्या ताईंनी लिहिलंच आहे की तो दबला तर काय होतं, पण ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये माणूस गादीला खिळणं विरळा.

द्राक्षबाग

म्याडम, हे चार वर्षांपूर्वी लिहिलं असतं तर आमचा कॅन पोरानं उचलला असता.

शाहूपुरीकर

सात आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल क्षमस्व. वाकून-ताठून एक्स-रे काढले, मणका फारसा हलत नाही. जोडा म्हणणाऱ्या डॉक्टरांकडेच ते घेऊन गेलो. त्यांनी पाहिले आणि म्हणाले, मग आधी नुसतं कोरून बघू, पाच-सात वर्षांत पुन्हा यावं लागलं तर माझ्यावर रागावू नका. आईची साखर थोडी वाढलेली निघाली, त्यात एक महिना गेला. आता ऑपरेशन होऊन अकरा दिवस झालेत. जखम कोरडी आहे. पोटऱ्यांचं जडपण गेलंय, कंबर दुखतेय.

तिने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला होता, तो मी ठरवलेल्या यादीत नव्हता. खाली बसून भाकऱ्या थापता येतील का? ते म्हणाले, तीन महिने ओट्यावर थापा. काल कॉरिडॉरमध्ये चालताना ती कठड्याला न धरता टोकापर्यंत गेली आणि तिथे बाक होता तरी बसली नाही. काकू भेटायला आल्या होत्या, त्यांनी पेढे आणले आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, माझ्या पण पोटऱ्या जड होतात गं, तो एक्स-रे कुठे काढला?