मदत हवी आहे: दुबईतून आता परत यावं का अजून चार वर्षं काढावी?

नमस्कार मंडळी, मी मूळचा चिपळूणचा, दुबईत एसी मेंटेनन्सला सुपरवायझर, ९ वर्षं झाली. पगारावर टॅक्स नाही म्हणून हातात बरे पैसे येतात, पण व्हिसा नोकरीला बांधलेला, उद्या नोकरी गेली की गाशा गुंडाळायचा, मग हे कसलं स्वातंत्र्य हेच डोक्यात घोळतंय.

घराचं कर्ज फिटलंय, एनआरई (परदेशातली कमाई भारतात ठेवायचं एनआरआयचं खातं) एफडीत ४२ लाख आहेत, ग्रॅच्युइटी पहिल्या ५ वर्षांची वर्षाला २१ आणि पुढची वर्षाला ३० दिवसांनी धरली तर २२५ दिवसांचं बेसिक मिळेल. गावचा खर्च महिना ३५ हजार. नोकरी सोडून साठवलेल्यावर जगायचं तर वर्षाच्या खर्चाच्या २५ पट हवेत म्हणतात, म्हणजे १ कोटी ५ लाख, पण तो हिशोब अमेरिकेतला ना, आपल्या महागाईत पुरेल का?

पोरगी सातवीत आहे, सुट्टीत गेलो की पाहुण्याशी बोलावं तसं बोलते, ते फार लागतं हो.

परत आलेल्यांनी प्लीज सांगा, एनआरई खातं साध्या खात्यात बदलल्यावर एफडीच्या व्याजावर टॅक्स बसतो त्याचं नियोजन कसं केलंत, आणि गावात सर्व्हिसिंगचा धंदा टाकून घर चालतं का? बायकोला अजून काही बोललो नाहीये.