मदत हवी आहे: डुक्कर आणि ऊ यांच्यातला फरक (अर्जंट)

केळीवाला_रावेर: डुक्कर आणि त्याच्या अंगावरची ऊ, दोघांची तुलना हवी. फरक-साम्य लिहायचंय, उद्या द्यायचंय. गुगलवर नुसतं औषधच येतं. पटकन सांगा.

यावलकर: कोणतं डुक्कर? गावातलं की रानातलं? आणि द्यायचंय कुणाला?

शिरपूरची_ताई: पोरीच्या डोक्यात झाल्या असतील तर सीताफळाच्या बियांची पूड तेलात कालवून लावा. उवा-लिखा साफ.

यावलकर: ताई, ते विचारलंय का त्यांनी? आणि ती पूड डोळ्यात गेली तर केवढ्याला पडेल! डुकराची ऊ माणसाला लागतही नाही.

शिरपूरची_ताई: आमच्याकडे आजीपासून लावतात, कुणाचे डोळे गेले नाहीत.

मका_गेला: भाऊ, गाव कोनतं शे तुमनं? आमना मका रानडुकरसनी सपाट करा. बांधावर जुन्या साड्या बांधा, नुकसानीचे फोटो काढा, पंचनामा करा.

केळीवाला_रावेर: अहो शेतीचं नाही! पोरीचा नववीचा प्रकल्प. आसामातलं बुटकं डुक्कर आणि त्याची ऊ.

यावलकर: हे आधी सांगायचं ना राव. ते डुक्कर खांद्यापाशी जेमतेम २५ सेंमी, वजन आठ-नऊ किलो. उंच गवतात राहतं, गवताचंच घरटं करतं. संपलं म्हणत होते, १९७१ मध्ये आसामात पुन्हा सापडलं. ऊ म्हणजे बिनपंखी कीटक, सहा पाय. रक्तावर जगते, लिखा केसाला चिकटवते. तिला शास्त्रीय नाव मिळालं १९७८ मध्ये. ती फक्त याच डुकरावर राहते, म्हणून डुक्कर संपलं की ऊ पण गेली. लाल यादीत (जगातल्या धोक्यातल्या जिवांची यादी) डुक्कर 'धोक्यात', ऊ 'अतिधोक्यात'. पोरीला हेच आधी लिहायला सांगा, पाय मोजणं नंतर.

मका_गेला: उवा वाचवायला पैसा आहे, शेतकऱ्याला नाही!

यावलकर: उवांना कोण पैसा देतंय? १९९६ पासून गुवाहाटीजवळ त्या डुकरांची पैदास करतात, २००८ पासून रानात सोडतात. आपलं रानडुक्कर वेगळं, त्याचा याच्याशी संबंध नाही.

केळीवाला_रावेर: तक्ता करून द्याल का कुणी? डाव्या बाजूला डुक्कर.

मका_गेला: झटका मशीन कुणी बसवलंय का इथे? पाच एकराला बॅटरी कोणती पुरते?