पदकाची कड वाचलीत का?

पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) होते, घरात एक पदक सोडून काहीच नाही, सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय. पदकापासूनच करा की! राजाचा मुखडा राहू दे, कड बघा. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत उठवलेली असते. आमच्या कळव्याच्या आत्याकडचं पदक देवघरात होतं, दर दसऱ्याला चिंचेने घासून लख्ख. अक्षरं पार गुळगुळीत! शेवटी गॅलरीतल्या उन्हात तिरकं धरलं तेव्हा कुठे '११७' हा पलटणीचा आकडा लागला. तुम्ही मात्र अजिबात घासू नका.

पलटणीचा आकडा जुनाच धरा. १९२२ च्या फेररचनेत १०३, ११० आणि ११७ या पलटणी ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बटालियन झाल्या. त्याआधी या तिन्ही मेसोपोटेमियातल्या कूत गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या ब्रिटिश-हिंदी फौजेने शरणागती पत्करली.

पणजोबा युद्धात वारले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या, युद्धात मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या साइटवर फुकट शोधता येतं. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव आणि गावही असतं. पण नावांची स्पेलिंगं म्हणजे साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं, त्यामुळे तीन-चार प्रकारे टाकून बघा. आणि तुमचं गाव पनवेलकडचं म्हणताय, तर जिल्हा 'कुलाबा' समजा. रायगड हे नाव १९८१ चं.

जिवंत परतले असतील तर ही साइट उपयोगाची नाही. बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला पत्र टाका, नंबरासकट.